प्रत्येक थांब्याचा वेगळा चंडोल

नंदुरबारहून धडगावला जाणाऱ्या लाल गाडीवर माझे वडील कंडक्टर होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. सकाळी गाडी डेपोतून निघायची, गावाबाहेरच्या मिरची वाळवायच्या पथाऱ्या मागे टाकून प्रकाशा गावापाशी तापी ओलांडायची, मग तळोदा, कोठार, आणि कोठार सुटलं की चांदसैलीचा घाट चढून धडगाव. प्रकाशाच्या अलीकडे रस्त्यालगतच आमचं गाव होतं. तळोद्याच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं तेव्हापासून मी रोज त्याच गाडीनं जायचे, आणि त्या दोन वर्षांत मला सगळ्यांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर ती माझ्या वडिलांची, आणि त्यांच्या चंडोलांची.

आप्पा मॅट्रिकपर्यंत शिकलेले. शेती काका बघायचे, आप्पांना नोकरी लागली म्हणून ते गाडीवर चढले, आणि कंडक्टरच्या सीटवर बसल्या बसल्या त्यांची नजर खिडकीबाहेर गेली ती कायमची. पहिलं वर्षभर म्हणे त्यांना सगळ्या नुसत्या चिड्याच दिसायच्या. मग एका उन्हाळ्यात असं झालं, की प्रकाशाच्या पुढे दादर ज्वारीच्या कापणी झालेल्या वावरातून एक इवलासा पक्षी रोज त्याच मैलाच्या दगडापाशी गाडीसमोरून सरळ वर उडायचा, वर जाऊन पंख मिटायचा, दगडासारखा खाली पडायचा, आणि जमिनीला टेकता टेकता पुन्हा उसळून वर जायचा. आप्पांनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी शेजारच्या उतारूला विचारलं. तो तळोद्याच्या कॉलेजातला प्राणिशास्त्राचा शिक्षक निघाला. चव्हाण सर. ते म्हणाले, "तो डोंबारी. चंडोलाच्याच कुळातला, पण चिमणीएवढा. कसरती करतो म्हणून डोंबारी. नराचं पोट काळं असतं, मादी मात्र साध्या चिमणीसारखी, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही." तेवढं बोलून सर तळोद्याला उतरून गेले आणि आप्पा कामातून गेले, असं माय म्हणायची.

त्यानंतर आप्पांनी चौरेघी वही घातली. वहीत प्रत्येक थांब्याला एक पान. मिरचीच्या पथाऱ्यांवर थंडीत उतरणारे, शेकड्यांनी एकदम उडून एकदम वळणारे पाहुणे चंडोल, मानेच्या बाजूला काळा ठिपका असलेले, होळीच्या आसपास उत्तरेकडे निघून जाणारे. तापीकाठच्या काळ्या नांगरटीत तांबूस शेपटीचा, ढेकळाच्या रंगाचा, उडाल्याशिवाय न दिसणारा. कापलेल्या दादरमध्ये डोंबारी. तळोद्याच्या पुढे गोट्यांच्या माळावर डोक्यावर टोकदार तुरा असलेला एक चणीनं लहान, लालसर चंडोल. सर त्याला दख्खनी म्हणायचे. एरवी नीटनेटक्या, सरकारी अक्षरात लिहिणारे आप्पा वहीत मात्र अहिराणीत लिहायचे. 'आज कोठार फाटावर तुरावाला एक. टिटवीनी नक्कल करी ऱ्हायना व्हता. माले वाटनं टिटवीच शे.' ही वही आज माझ्या टेबलावर आहे. तिच्या पुठ्ठ्याला अजून डेपोतल्या डिझेलचा वास येतो, की मलाच तसं वाटतं, कोण जाणे.

घरी या प्रकाराला मान नव्हता, पण विरोधही नव्हता. आमचं घर साधं, मागच्या अंगाला चूल, पुढच्या अंगाला ओटा, ओट्यावर काकांची कपाशीची पोती. आप्पा ड्यूटीवरून आले की माय चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर टाकायची. हातावर भाकर थापल्याचा आवाज सुरू झाला की आप्पा ओट्यावरूनच त्या दिवशीची बातमी सांगायला लागायचे. लसणाची ओली चटणी, भाकरीवर कच्चं तेल, बाजाराच्या दिवशी झणझणीत शेवभाजी, आणि या सगळ्यात आप्पांचा चंडोल. माय भाकर उलथता उलथता म्हणायची, "तुन्हा बापले मानसेसपेक्षा चिड्या जास्त याद ऱ्हातस. मन्हा भाऊ गाडीमा बसना व्हता, त्याले वळखं नही, आन् चिडीनी शेपटी वळखी."

"तुन्हा भाऊले शेपटी कोठे शे?" आप्पा विचारायचे, आणि काका घास अडकेपर्यंत हसायचे.

मी मात्र हसायचे नाही. अकरावीतली मुलगी, दोन वेण्या, इस्त्रीचा ड्रेस, आणि गाडीत माझ्या वर्गातली निम्मी मुलं. आप्पा तिकिटं फाडता फाडता मध्येच थांबायचे, खिडकीकडे हात करायचे आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "दखा, दखा! उडना तो! आते पडी!" म्हातारी माणसं कौतुकानं माना वळवायची. आमच्या वर्गातली मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची. कुणीतरी त्यांचं नाव 'चंडोल पाटील' ठेवलं. मग मी चंडोलची पोर झाले. मी मागच्या सीटवर बसायला लागले. एके दिवशी आप्पा मागे आले, माझ्यासमोर उभे राहिले, आणि मी खिडकीबाहेर बघत त्यांना न ओळखल्यासारखं केलं. त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग अगदी परक्या मुलीशी बोलावं तसं म्हणाले, "ताई, पास दाखवा." मी पास दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, परत दिला आणि पुढे गेले. तेव्हापासून रोज तेच. ताई, पास दाखवा. घरी त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मी पुढं बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, शेकडो पोरांची असली वयं पाहिली, त्यांना समजून घेतलं. त्या एका मुलीला समजून घेणं मला अजून जमलेलं नाही.

बारावीच्या वर्षी चव्हाण सर आमच्या वर्गाला शिकवायला आले, आणि माघ सरता सरता वर्गीकरण शिकवताना त्यांनी फळ्यावर चंडोलच काढले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सर म्हणाले, "सगळ्यांना आपण एकच समजतो, कारण सगळे मातकट. मातीवर राहायचं तर मातकट व्हावंच लागतं. म्हणून रंगावर जाऊ नका. चोच पाहा, शेपटीची कड पाहा, तुरा आहे का पाहा, छातीवर रेघा किती आणि कशा ते पाहा. आणि सगळ्यांत आधी पायाखाली कोणती जमीन आहे ते पाहा." मग त्यांनी दोन तुरेवाले शेजारी शेजारी काढले. एक दख्खनी, सपाटीवरच्या कोरड्या माळाचा, छाती जवळजवळ कोरी, चार-दोन बारीक रेघा. दुसरा मलबारी, डोंगरउताराचा, थोडा मोठा, छातीवर ठसठशीत काळपट रेघांची गर्दी. "पुस्तकात लिहिलंय की एक खाली, एक वर. आपल्याकडे खाली तळोदा आहे, वर धडगाव आहे. मधे घाट आहे. मग एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो? हे कुणी पाहिलेलं नाही. निदान मला तरी कुणी भेटलेलं नाही." एवढं बोलून ते थांबले आणि म्हणाले, "म्हणजे एक जण भेटलाय. तो रोज ती गाडी घेऊन जातो. पण त्याला गाडी थांबवता येत नाही."

वर्गातला एकही मुलगा हसला नाही. मला त्याचंच आश्चर्य वाटत राहिलं.

तास संपल्यावर सरांनी मला बोलावून त्यांची दुर्बीण माझ्या हातात दिली. प्रकल्प म्हणून हे काम तू कर, म्हणाले. फाल्गुन लागला होता, चंडोलांच्या गाण्याचे आणि घरट्याचे दिवस. कॉलेजला सुट्टी होती अशा एका दिवशी मी पहिल्यांदा तळोद्याला न उतरता गाडीत तशीच बसून राहिले. आप्पा माझ्यापाशी आले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझ्या मांडीवरची दुर्बीण पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवायला ते पटकन पुढच्या सीटकडे वळले.

गाडीचे ड्रायव्हर होते सुपडूअण्णा. जाडजूड, अबोल, तंबाखूचा बार भरलेला माणूस. आप्पांबरोबर ते सात वर्षं होते आणि सात वर्षांत त्यांनी एकाही पक्ष्याकडे मान वळवली नव्हती, याचा त्यांना अभिमान होता. "माले रस्ता दखाना शे," ते म्हणायचे. "तुमना चंडोल दखसू तर दरीमा जासूत."

कोठारच्या पुढे रस्ता वर चढायला लागला. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता, आणि खाली वाकून मोह वेचणाऱ्या बाया गाडीचा आवाज ऐकून उभ्या राहून बघायच्या. खिडकीतून मी पहिला दख्खनी पाहिला घाटाच्या तोंडाशीच, गोट्यावर बसलेला, छाती स्वच्छ. आप्पांनी माझ्याकडे न बघता दोन बोटं दाखवली, दोनच रेघा. मी मान हलवली. त्या दिवशी त्या गाडीत आमचं जेवढं बोलणं झालं तेवढं मागच्या दीड वर्षात झालं नव्हतं, आणि त्यात शब्द एकही नव्हता.

घाटमाथ्याजवळ एका वळणावर झऱ्याचं पाणी होतं. तिथं गाडी रोज दहा मिनिटं थांबायची. इंजिन निवायचं, अण्णा पाणी भरायचे, उतारू पाय मोकळे करायचे. मी खाली उतरले आणि सरळ वरच्या खडकाळ उतारावर गेले. तिथं बकऱ्या चारणारा एक म्हातारा बसला होता. त्याची पावरी बोली मला अर्धीच कळत होती, पण दुर्बीण पाहून त्यानं आपण होऊन काठीनं एक दगड दाखवला. दगडावर तुरेवाला चंडोल. माझ्याकडे पाठ करून. मी पोटावर पडून दुर्बीण लावली. पाठ काय, पाठ दोघांची सारखीच. मला छाती हवी होती. आणि तो वळेना. गळा फुगवून त्याचं गाणं चाललेलं. मधेच टिटवी, मधेच बुलबुल, मधेच खार, मधेच त्या म्हाताऱ्याची बकऱ्यांना बोलवायची शीळ. म्हातारा तोंडावर हात धरून हसत होता. हा रोज माझ्या बकऱ्या फसवतो, असं काहीसं म्हणाला.

खालून अण्णांनी हॉर्न दिला. उतारू चढले. आप्पा दारात उभे राहून घंटीची दोरी हातात धरून ओढणार, तेवढ्यात मी तिथूनच ओरडले, "आप्पा! दोनच मिनिटं! तो अजून वळला नाही!"

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. गाडीत मी त्यांना आप्पा म्हटलं ते पहिल्यांदाच, आणि तेही डोंगराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आप्पांचा हात दोरीवरून खाली आला.

दोन मिनिटं झाली, पाच झाली. पक्षी उडाला आणि दुसऱ्या दगडावर जाऊन पुन्हा पाठ करून बसला. कोठारला चढलेल्या बाजाराच्या बाया खाली उतरल्या. एक शिक्षक उतरले. आप्पा माझ्या शेजारी येऊन खाकी कपड्यांसकट पालथे पडले. मग तो वळला. छातीवर रेघा, दाट, ठसठशीत, मोजायला लागल्या तर मोजता येऊ नयेत अशा. मी म्हटलं, "मलबारी." आप्पा म्हणाले, "थांब. तठे दख." त्याच उतारावर, पन्नास पावलांवर, दुसरा तुरेवाला बसला होता. त्यानं लगेच छाती दाखवली, आणि ती कोरी होती. दोन्ही. एकाच उतारावर, एकाच वेळी, एकच म्हातारा जिथं बकऱ्या चारतो त्याच गवतात.

मग दुर्बीण हातोहात फिरली. बाया डोळ्याला लावून बघायच्या आणि "माय वं!" करायच्या. शिक्षक रेघा मोजायला लागले. कुणी म्हणालं ते नवरा-बायको असतील, तर एक बाई म्हणाली, नवरा-बायको असते तर एवढे लांब बसले असते का, आणि दुसरी म्हणाली, मंग बराबर नवरा-बायकोच शेतस. सगळा उतार हसला. शेवटी सुपडूअण्णाही स्टिअरिंग सोडून वर आले, त्यांनी दुर्बीण घेतली, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "माले तर दोन्ही एकच दिसतस." पण दुर्बीण त्यांनी लगेच परत दिली नाही.

आता निवृत्तीनंतर मी कधी कधी फोन हातात घेऊन माळावर जाते. फोन पक्ष्याचा आवाज ऐकतो आणि नाव सांगतो. नकाशावर कोणता पक्षी कुठपर्यंत ते रंगानं दाखवतो, रंगाची कड अगदी सुरीनं कापल्यासारखी. पोरांना मी सांगते, नकाशा चांगला आहे, वापरा, पण ती कड खरी मानू नका. त्या कडेवर जाऊन उभं राहा. तिथं एक म्हातारा बकऱ्या चारत असतो आणि त्याच्या डाव्या हाताला एक पक्षी असतो, उजव्या हाताला दुसरा. हे मला बारावीत कळलं, आणि ते कळायला एक गाडी बावीस मिनिटं उशिरा पोचावी लागली.

त्या बावीस मिनिटांचं पुढं प्रकरण झालं. गाडीत एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांचं धडगावच्या कचेरीत काम होतं, आणि ते पोचले तेव्हा साहेब जेवायला उठून गेलेले, ते परतलेच नाहीत. पुन्हा दुसऱ्या दिवशी घाट चढून यावं लागलं त्यांना. त्यांनी डेपोत अर्ज दिला: कंडक्टर पक्षी पाहत बसल्यामुळे गाडीला उशीर झाला. अर्जातला शब्द न् शब्द खरा होता. आप्पा त्या गृहस्थांच्या घरी जाऊन माफी मागून आले, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण अर्ज डेपोच्या साहेबांच्या टेबलावर पोचला होता, आणि आप्पांना बोलावणं आलं. नोकरीवरून काही दिवस घरी बसवतील, असं काका म्हणत होते. त्या आठवड्यात घरात भाकरी थापल्याचा आवाज यायचा, पण ओट्यावरून चंडोलाची बातमी यायची नाही. माय एकदाच मला म्हणाली, "तू बी व्हती ना वं तठे?" मी मान खाली घातली. चौकशीच्या दिवशी सकाळी तिनं आप्पांच्या डब्याबरोबर माझाही डबा भरला.

डेपोच्या ऑफिसात टेबलामागे साहेब, समोर आप्पा आणि सुपडूअण्णा उभे. मी दारात, हातात चव्हाण सरांची दुर्बीण. साहेब बारीक, चष्मेवाले, कोरडं बोलणारे. त्यांनी अर्ज वाचून दाखवला.

"ड्रायव्हर, तुमचं काय म्हणणं?"

"इंजिन तापलं होतं, साहेब," सुपडूअण्णा म्हणाले. शुद्ध मराठीत बोलताना त्यांचा आवाज वेगळाच यायचा. "लई तापलं होतं. निवलंच नाही."

सात वर्षांत त्या एका दिवसाखेरीज एकाही पक्ष्याकडे न पाहिलेला माणूस आप्पांसाठी धडधडीत खोटं बोलत होता. साहेबांनी आप्पांकडे पाहिलं. "पाटील?"

आप्पा म्हणाले, "इंजिन दहा मिनिटांत निवलं होतं, साहेब. ड्रायव्हरची काही चूक नाही. मीच पक्षी पाहत बसलो. चूक माझी आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेणार नव्हते, ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

मी आत गेले. "साहेब, गाडी मी थांबवली," मी म्हटलं. "मी ओरडले, दोन मिनिटं थांबा म्हणून. यांनी दोरीला हात लावला होता. माझ्यामुळे सोडला."

"तुम्ही कोण?"

"मी यांची मुलगी."

आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त टोपी काढली, तिच्यावर फुंकर मारली, आणि पुन्हा घातली.

साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "दोन मिनिटांत काय बघायचं होतं?" मी सांगितलं. आधी अडखळत सांगितलं, मग नीट. तुरे, छातीच्या रेघा, खालचा माळ, वरचा उतार, पुस्तकात काय आहे आणि घाटात काय निघालं. मधे कुठं तरी मी टेबलावरचा टाचणीचा डबा आणि शाईची दौत उचलून एक खाली, एक वर ठेवले होते. साहेबांनी ते तसेच राहू दिले. माझं झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे शेवटी होता कोणता?"

"दोन्ही होते, साहेब."

"एकाच ठिकाणी?"

"पन्नास पावलांवर," आप्पा न राहवून म्हणाले.

साहेबांनी चष्मा पुसला. "पाटील, तुमची मुलगी चांगलं शिकवेल. पण त्या माणसाला दुसऱ्यांदा घाट चढावा लागला. गाडीत बसणारा माणूस तुमच्या भरवशावर बसतो, चंडोलाच्या नाही." आप्पांनी मान हलवली, ते त्यांना मनापासून पटलेलं होतं. साहेबांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. लेखी ताकीद. आणि उद्यापासून धडगाव गाडीवरून काढून खापर गाडीवर. अक्कलकुव्याच्या पुढचं खापर, थेट गुजरातच्या हद्दीजवळ. लांबची, कंटाळवाणी ड्यूटी, डेपोत कुणालाही नको असलेली. "घाट नाही, झरा नाही, थांबायला जागा नाही," साहेब म्हणाले. "तिथं तरी वेळेवर पोचा."

आप्पांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि मान खाली घालून बाहेर आले. मागोमाग मी, मागोमाग अण्णा. आवार ओलांडेपर्यंत आप्पांची मान खालीच. खिडकीतून साहेब बघत होते. सात वर्षांची जोडी मी फोडली होती, माफी कशी मागावी ते मला कळत नव्हतं. उपाहारगृहाच्या भिंतीआड पोचल्यावर आप्पांचे खांदे हलायला लागले.

सुपडूअण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जिभाऊ, रडू नका हो. इतलं काय त्यामा? काही दिवसमा परत लई येतीन तुमले." मग त्यांनी वाकून आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "हाऊ बाबा तर हासी ऱ्हायना!"

आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं, हसून हसून. कागद माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "खापर! वं बेटा, हाऊ रस्ता मी आजून दखाच नही. एक पान लिखेल नही."

फलाटावर खापरची पाटी लावलेली गाडी उभी होती. तिचा ड्रायव्हर टायरला लाथ मारून हवा बघत होता. आप्पा त्याच्यापाशी गेले, टोपी नीट केली, आणि उद्यापासून आपण या गाडीवर आहोत वगैरे काही न सांगता पहिला प्रश्न विचारला, "दादा, खापरना रस्ताले उघडा माळ कितला लागस हो?"

तो माणूस सरळ उभा राहिला. आप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माळ?" तो म्हणाला. "दुसरं शेच काय तठे? निरा माळच माळ शे."

"बरं," आप्पा म्हणाले. मग माझ्या हातातली दुर्बीण त्यांनी आपल्या गळ्यात अडकवली, आणि खिडकीत साहेब अजून उभे आहेत हे लक्षात आल्यावर पटकन सदऱ्याच्या आत घातली.